वळणावर गाडी बाहेर का सरकते?

प्रश्न : आंबा घाटात वळणावर गाडी बाहेर सरकते. टायर नवे आहेत. मग दोष कशाचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी हवा तपासावी. ती कमी असेल तर नव्या टायरचीही बाजू वळताना दुमडते, स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळतो. पुढच्या चाकांत कमी असली की गाडी बाहेर सरकते. मागच्यांत असली तर मागची बाजू फिरण्याचा धोका, आणि तो जास्त वाईट. 'थोडी जास्तच भरा' हा सल्लाही फसवा, कारण रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो, तोही थंड टायरसाठी.

शॉकॲब्सॉर्बर थकले असतील तर खड्ड्यानंतर स्प्रिंग उसळत राहते आणि चाकाची पकड सुटत जाते. शॉकवर तेल ओघळलंय का, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडलेत का, हे पाहावं. बदलायचेच झाले तर एका ॲक्सलचे दोन्ही.