मनाचा भार व शेजारधर्म

अतिविचारानें मन पोखरलें जाणें यास झिंबाब्वेच्या शोना भाषेंत 'कुफुन्गिसिसा' म्हणतात. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं हरारे शहरांत वृद्ध स्त्रियांस शिकवून दवाखान्याच्या आवारांतील बांकांवर बसविलें. त्या दुःखिताचें गाऱ्हाणें त्याच्याच भाषेंत ऐकतात. मग अनेक अडचणींतून एकच निवडवून तिजवरील उपाय त्याजकडूनच काढवितात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांवरील चाचणींत या रीतीचा गुण दिसून आला.

शेतकरी बंधूंनीं हें ध्यानीं घ्यावें. कर्जानें वा नापिकीनें शेजारी अबोल झाल्यास उपदेश न करितां प्रथम ऐकावें. जीव देण्याची भाषा निघाल्यास त्यास एकटें सोडूं नये; १४४१६ या विनामूल्य सरकारी दूरध्वनीवर सल्ला घ्यावा व डॉक्टरांकडे न्यावें.