कंद कोणत्या पावसाचा?

दक्षिण आफ्रिकेचा कंद विकत घेताना आधी फुलाचा रंग विचारू नका, त्याच्या गावी पाऊस कधी पडतो ते विचारा. दुकानदार बहुतेक सांगू शकणार नाही, म्हणून आपणच वाचून जावं. त्या देशात दोन वेगळे पावसाळे आहेत. नैर्ऋत्येला केप टाउनच्या बाजूला पाऊस मे ते ऑगस्ट पडतो, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, आणि उन्हाळा कोरडा जातो. पूर्वेला क्वाझुलू-नाताळ प्रांताकडे, ड्रॅकन्सबर्गच्या उतारांवर, आपल्यासारखाच उन्हाळी पाऊस आणि कोरडी थंडी. फ्रीझिया, लॅकेनालिया ही केपची मंडळी. फुटबॉल लिली मात्र उन्हाळी पावसाची, म्हणूनच आमच्या गोंदियात मे महिन्याच्या रखरखाटात तिचा लाल गोळा कोणी न सांगता जमिनीतून वर येतो.

माझं फ्रीझियाचं पाकीट जूनमध्ये घरपोच आलं. त्यावर ‘कोणत्याही हंगामात लावा’ असं छापलेलं होतं. अर्धे कंद लावले, आणि आमच्याकडच्या झडीत ते कुंडीतच कुजले. उरलेले नोव्हेंबरात लावले. पानं छान आली, कळी काही दिसली नाही. फ्रीझियाला कळी धरायला काही आठवडे माती सतत गार लागते. आपल्या डिसेंबरची रात्र थंड असते, पण दुपारी गच्चीवरची कुंडी तापते. तरीही हौस असेल तर पावसाळाभर कंद कागदी पिशवीत कोरडे ठेवा, थंडी पडू लागल्यावर मातीच्या कुंडीत लावा आणि कुंडीला फक्त सकाळचं ऊन मिळेल असं बघा. फुलं येतीलच, अशी हमी मी देणार नाही.

गोंदियात करून पाहण्यासारखा कंद ग्लॅडिओलसचा. त्याचा पहिला गाजलेला संकर १८२३ मध्ये चेल्सीच्या जेम्स कोलव्हिल यांच्या रोपवाटिकेत झाला. त्याचे दोन्ही पालक केपचे, थंडीच्या पावसाचे होते. पण आज बाजारात दिसणारी दांडगी, भरगच्च फुलं प्रामुख्याने बेल्जियममधल्या दुसऱ्या संकराच्या वंशातली आहेत. १८४१ च्या सुमारास विक्रीला आलेल्या त्या संकराचे पालक उन्हाळी पावसाच्या मुलखातले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’, ‘फुले तेजस’ यांसारखे वाण असताना परदेशी पाकिटासाठी पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. धान निघालं की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लावा. कन्हार मातीत पाणी साचतं, तिथे लावायचे तर उंच गादीवाफाच हवा. फुलाचा दांडा कापताना खाली चार तरी पानं ठेवा, पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच पोसतो.

आता मोठा धोका. आमच्या सांदवाडीत ग्लॅडिओलसच्या वाफ्यालगत वालाचा मांडव होता. एका जानेवारीत गुलाबी फुलांवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या. बघणारे हरखले. ‘काकू, ही नवी जात का? एक कंद द्या ना,’ अशी मागणी सुरू झाली. पण पान उजेडासमोर धरलं तर हिरव्यात फिकट, कोनाकोनाचे ठिपके दिसत होते, आणि दांडे आखूड पडत चालले होते. घेवड्यावर येणारा पिवळा मोझॅक विषाणू ग्लॅडिओलसलाही लागतो. मावा तो वालघेवड्यावरून ग्लॅडिओलसवर आणि तिथून परत नेतो. एकदा कंदात शिरला की त्या कंदाच्या सगळ्या पिल्लांत राहतो आणि कोणत्याही फवारणीने जात नाही. रेघांची सगळी झाडं कंदासकट उपटून जाळली. मागणारे थोडे नाराज झाले. वालाच्या मांडवाजवळ हा कंद लावू नये. आणि आमच्या भागात धानाच्या बांधीत लाखोळी टाकतात, तीही वालाच्याच कुळातली, म्हणून बांधाला लागून तर मुळीच नको.

रोगाचा हा एक पैलू संकराच्या बाजूचा आहे: हा विषाणू ग्लॅडिओलसच्या बियांतून सहसा पुढे जात नाही. म्हणून बियांपासून केलेली रोपं सुरुवातीला तरी स्वच्छ मिळतात. संकर करणं अवघड नाही. आईझाडाच्या खालच्या दोन-तीन कळ्या उमलायच्या आधीच्या संध्याकाळी हलकेच उघडून तिन्ही परागकोश चिमट्याने काढा आणि कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधा. ग्लॅडिओलसमध्ये पराग आधी मोकळे होतात आणि कुक्षी मागाहून तयार होते. तिची तीन टोकं पिसासारखी पसरली की सकाळी उन्हाचा ताव चढायच्या आत दुसऱ्या झाडाचा पराग कुंचल्याने लावा. दांड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून तिच्यावर आई-बापाचं नाव लिहा. शाई पाण्याने जाते, शिसपेन्सिल टिकते. वरच्या कळ्या खुडून टाका, म्हणजे जोर बोंडांत जाईल.

बोंड वाळू लागलं की पिशवी पुन्हा बांधा. आत कागदासारखे पंख असलेल्या बिया असतात. मार्चच्या झळांत बोंड फुटलं की त्या उडून जातात, आमच्या एका जोडीच्या अशाच सगळ्या गेल्या. बिया जपून ठेवून पुढच्या थंडीत ट्रेमध्ये पेरा, वर धानाच्या तुसाची राख मिसळलेली चाळलेली माती पसरा. उगवण बघून नव्या माणसाला धानाचे पऱ्हे वाटतात, म्हणून ट्रेवर पाटी लावा, नाहीतर निंदणाऱ्या बाया गवत समजून उपटून टाकतात. पहिल्या वर्षी वाटाण्याएवढा कंद, फूल साधारण तिसऱ्या हंगामात. त्यातली बरीच फुलं आई-बापांपेक्षा फिकीच निघतील, ती ठेवू नका. एखादं खरंच वेगळं निघालं तर दुसऱ्या वर्षी तोच रंग येतो का ते पाहा, पानं उजेडासमोर धरून बघा, आणि तोवर कोणी कितीही मागितला तरी कंद देऊ नका.