एसीच्या तोंडाशी काळे ठिपके : पावसाळ्यातलं काम आणि त्याचा हिशेब



एसी सर्व्हिसिंगमध्ये मार्च ते मे श्वास घ्यायला वेळ नसतो आणि पाऊस सुरू झाला की फोन वाजत नाही. नवीन धंदा सुरू करणाऱ्याला हे चार महिने फार जड जातात. पण मुंबई, ठाणे, पालघर, रायगडपासून खाली कोकणापर्यंत याच दिवसांत घरोघरी एक अडचण दिसते. स्प्लिट एसीची हवा जिथून बाहेर येते त्या झडपेवर, कधी शेजारच्या भिंतीवर, काळे-हिरवट ठिपके येतात. एसी लावला की कुबट वास येतो. ही बुरशी आहे, आणि तिची साफसफाई हे तुमचं पावसाळी काम होऊ शकतं.

एक गोष्ट आधीच वहीत लिहून घ्या : ठिपके पुसले की एकदा पैसे मिळतात. ओल कुठून येते ते शोधून दिलं की ग्राहक टिकतो.

बुरशी तिथेच का धरते?

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. त्यांना हवी असते ओल आणि खायला थोडी धूळ. ओली जागा २४ ते ४८ तासांत सुकली तर बुरशी सहसा धरत नाही.

आता पावसाळ्यातली खोली डोळ्यासमोर आणा. तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेतलं पाणी साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर जमतं. एसीतून येणारी हवा त्याहून बरीच थंड असते, म्हणून झडपही थंड होते. मग फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम येतो तसाच झडपेला येतो. आत कॉइल आणि ब्लोअरवर धूळ असतेच. एसी बंद केला की हा ओला गाळ तसाच राहतो.

पाहणी : हात लावण्याआधी पाच गोष्टी बघा

१. फिल्टर : धुळीने भरला असेल तर हवा कमी वाहते, कॉइल जास्त थंड होते आणि घाम वाढतो.

२. कॉइल आणि ब्लोअर : टॉर्च मारून बघा. झडप स्वच्छ आणि ब्लोअर काळा असेल तर नुसतं बाहेरून पुसून उपयोग नाही.

३. ड्रेन : ट्रेमध्ये हळूहळू बाटलीभर पाणी ओता. लगेच बाहेर गेलं नाही तर पाइप तुंबलाय किंवा उतार चुकलाय.

४. खोलीची आर्द्रता : एक छोटा हायग्रोमीटर जवळ ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तर कारण शोधा. किलकिली खिडकी, बेडरूममध्ये वाळत घातलेले कपडे, बाथरूमचं उघडं दार. लहान खोलीत गरजेपेक्षा मोठा एसी असेल तर तो खोली पटकन थंड करून थांबतो आणि ओल पुरेशी काढत नाही.

५. भिंत : ओल एसीपासून लांब, छताच्या कोपऱ्यात असेल तर ते गळतीचं काम आहे. तसं स्पष्ट सांगा. पाइपच्या भोकाभोवती फट असेल तर ती मात्र तुम्ही बुजवू शकता.

काम कसं करायचं?

आधी एमसीबी बंद. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. पलंग झाका. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसायला सांगा. ठिपके कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा, मग कोरडं करा. कॉइलसाठी अ‍ॅल्युमिनियमला चालणारं क्लीनरच वापरा. अ‍ॅसिड आणि ब्लीच तिच्या पात्या खातात. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. शेवटी अर्धा तास फॅन मोडवर चालवून आतला भाग सुकवा.

भिंतीवरच्या बुरशीवर थेट रंग मारायला सांगू नका. ओल आत राहिली की रंग सुटतो आणि डाग वर येतात.

ग्राहकाशी काय बोलायचं?

"काकू, ठिपके मी काढून देतो. पण इथे कपडे वाळत घातलेत आणि मीटर ७८ दाखवतोय. हे असंच राहिलं तर ठिपके परत येतील."

एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. सोबत तीन सवयी कागदावर लिहून द्या : एसी १८ ऐवजी २४ वर, बंद करण्याआधी १५-२० मिनिटं फॅन मोड, आणि दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुणं.

काही जण ठिपके दाखवून "गॅस कमी झालाय" म्हणतात. एसीतला गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो. गळती तपासल्याशिवाय गॅसचं बिल लावू नका. सोसायटीत ही गोष्ट एका घरातून दहा घरांत जाते.

आता हिशेब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागाचे तुम्ही टाका. समजा एका कामाचे ८०० रुपये घेतले. पेट्रोल आणि केमिकल २५० गेले, उरले ५५०. ओलीचं कारण तसंच सोडलं, तीन आठवड्यांनी ठिपके परत आले आणि ग्राहकाने फुकट बोलावलं. पेट्रोलचे १५० गेले, शिवाय त्या वेळेत होणारं दुसरं काम हुकलं, म्हणजे आणखी ५५०. दोन्ही वजा केले तर १५० रुपये तोटा.

आता दुसरा रस्ता. पावसाआधी मेअखेर एक आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एक, अशा दोन सर्व्हिसचे मिळून १,४०० घेतले. खर्च ५०० धरला तरी ९०० उरतात, आणि ऑक्टोबरचं काम मेमध्येच पक्कं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःच्या आणि ओळखीच्या दोन घरांतले एसी बघा. वरच्या पाच गोष्टी वहीत लिहा आणि प्रत्येक ठिकाणी ओल कुठून येतेय ते एका वाक्यात मांडा. ते वाक्य जमलं की मगच दर ठरवायला बसा.

भेटू पुढच्या धड्यात.