जीप घ्यायची तर आधी खाली वाक

काल तू फोनवर म्हणालास, "मामा, मिलिटरीची जुनी विलीज मिळतेय, आर्मीने रिबिल्ट केलेली आहे." विकणाऱ्याच्या तोंडचा 'रिबिल्ट' हा शब्द ऐकून लगेच बयाणा देऊ नकोस. लष्करात गाडी रिबिल्ट होते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला आमच्या हवालदारकाकांनी शिकवलं. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेतून, निवृत्त झाल्यावर ते लालबागला आमच्या गॅरेजच्या गाळ्यावर येऊन बसायचे आणि इंजिन उघडलं की स्वतः हात काळे करायचे. त्यांनी जे माझ्या कानात घातलं, तेच आता तुझ्या कानात घालतो. गिरगावच्या घरात बसून मोबाईलवर फोटो बघून जीप घेता येत नाही.

लष्करात गाडीचं दुखणं जसं, तशी तिची वाट ठरते. किरकोळ काम युनिटचेच मेकॅनिक करतात. त्याहून मोठं असेल तर फील्ड किंवा स्टेशन वर्कशॉप. आणि गाडी पार खोलायची वेळ आली की बेस वर्कशॉप. आपल्या जवळचं म्हणजे खडकीचं 512 आर्मी बेस वर्कशॉप. तिथली पद्धत आपल्या गाळ्यासारखी नसते. आपण एकाच गाडीचं इंजिन उतरवतो, दुरुस्त करतो, त्याच गाडीत चढवतो. बेस वर्कशॉपात गाडी आली की तिचे भाग वेगळे होतात: इंजिन एका लायनीत, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दुसरीकडे, अ‍ॅक्सलचं हौजिंग तिसरीकडे, बॉडी पत्र्याच्या कामाला. प्रत्येक भाग आपापल्या जागी धुतला जातो, मोजला जातो, दुरुस्त होतो आणि तयार मालाच्या साठ्यात जाऊन पडतो. शेवटी चेसिसवर जे चढतं ते त्या साठ्यातलं, जे हाताशी तयार असेल ते. आपल्या लालबागच्या गणपतीच्या मंडपासारखंच ते, मंडप दरवर्षी तोच म्हणायचा, पण वासे डेकोरेटरच्या गोदामातून येतील ते.

म्हणून एक गाठ बांधून ठेव. लष्करी गाडीत इंजिन नंबर आणि चेसिस नंबर फॅक्टरीतून निघाले तसे जोडीने सापडले नाहीत, तर ती खोट समजू नकोस. उलट विकणारा छातीठोकपणे सांगत असेल की सगळं नंबरासकट मूळचं आहे आणि वर आर्मीने रिबिल्टही केलंय, तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असणं अवघड आहे. कोणती एक खरी, ते त्याला विचार.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. लष्कर गाड्यांना क्लास देतं, एक ते सहा. क्लास फाइव्ह म्हणजे बेस वर्कशॉपात नेऊन उभी करण्याजोगी. क्लास सिक्स म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही अशी, आणि लिलावात निघते ती बहुतेक ही. म्हणजे तुझ्यापर्यंत येणारी गाडी ही लष्कराने शेवटी रिबिल्ट न करण्याचा निर्णय घेतलेली गाडी असते. आयुष्यात कधीतरी तिचा ओव्हरहॉल झालाही असेल, पण त्यानंतर ती किती पळाली, कुठे पळाली, हे विचारल्याशिवाय 'रिबिल्ट' या शब्दाला किंमत नाही. आणि कित्येकदा 'आर्मी रिबिल्ट' म्हणजे लिलावातून उचलून कुठल्यातरी खासगी गॅरेजने रंग मारलेली गाडी. तसं गॅरेजकाम वाईटच असतं असं नाही. पण त्याचे पैसे गॅरेजकामाचे द्यायचे, लष्करी ओव्हरहॉलचे नाही.

खरा ओव्हरहॉल कसा ओळखायचा? इंजिन उघडता आलं तर क्रँककडे बघ. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे, झीज दिसली की दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वीस थाउ, तीस थाउ असं पायरीपायरीने ग्राइंड करायचं आणि त्या मापाचं बेअरिंग बसवायचं. किती कमी केलंय ते क्रँकवरच ठोकून ठेवायची शिस्त असते. हवालदारकाका क्रँक कापडाने पुसून, टॉर्च तिरका धरून, तो बारीक आकडा बोटाने चाचपायचे. आकडा सापडला की म्हणायचे, "हे मोजून केलंय." आकडा नाही, पण बेअरिंग नवीन चकचकीत आहे, तर कोणीतरी अंदाजाने बसवलंय असं धरून चाल. आणि तीस थाउपर्यंत आधीच घासलेला क्रँक असेल तर पुढच्या वेळी घासायला फारसं काही उरलेलं नाही, हे भाव ठरवताना लक्षात ठेव.

भाग सुटे करून तयार असेल ते चढवायची ही पद्धत फक्त आपल्याकडची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी पॅसिफिकच्या बेटांवर पडून राहिलेल्या गाड्या गोळा करून जपानच्या कारखान्यांत नव्याने बांधून घेतल्या. ऑपरेशन रोल-अप म्हणतात त्याला. 1950 साली कोरियात लढाई पेटली तेव्हा त्याच गाड्या तिथे धावल्या. अशा कामात फोर्डचं इंजिन विलीजच्या चेसिसवर आणि विलीजची बॉडी फोर्डवर सर्रास गेली, कारण युद्धकाळात दोघांनीही एकाच नमुन्याची जीप बनवली होती. आपल्या मुंबईतही युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेला डिस्पोजलचा माल होताच. पुढे 1940च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. म्हणून इथे 'विलीज' म्हणून दाखवतात त्यात युद्धातली जीप, महिंद्राची जीप आणि दोन्हींची खिचडी, तिन्ही असतात.

म्हणून आधी खाली वाक. पुढच्या बंपरमागे चेसिसची आडवी पट्टी बघ. ती गोल नळीची असेल तर चेसिस युद्धकाळातल्या विलीजचं, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डचं. फोर्डने आपल्या बोल्टांवर आणि भागांवर छोटा एफ ठोकलेला असतो, तोही शोध. विलीजचा नंबर डाव्या रेलच्या आतल्या बाजूला पट्टीवर असतो, फोर्डचा डाव्या रेलच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. तो नंबर घासलेला किंवा भोवती वेल्डिंगची खूण दिसली, तर तिथून निघून ये. गाडी कितीही सुंदर असो, मागे वळून बघू नकोस.

मग मागचा फ्लोअर. युद्धातल्या जीपच्या बॉडीखाली टोपीच्या आकाराचे पत्र्याचे चॅनेल आहेत आणि त्यांच्या आत लाकूड भरलेलं. पाणी आत गेलं की लाकूड भिजतं, पत्रा आतून सडतो आणि वरून काही कळत नाही. चौपाटीच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात तर ते लवकर होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिथे टोचून बघ, पत्रा दबला की समजायचं. खिशात एक लहान चुंबकही ठेव. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. हौजिंगचा प्लग उघडून ऑइल बघ, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. आणि व्होल्टेज विचार: युद्धातली जीप सहा व्होल्टची. बारा केली असेल तर डायनॅमो, स्टार्टर, दिवे सगळं बदललंय का, की नुसती बॅटरी बदललीय, ते बघ.

विलीजऐवजी लष्कराची जोंगा मिळत असेल तर सांग. ती जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून तीसेक वर्षं बनत होती, पण तिचं निस्सानचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मुंबईत रोज चालवणं खिशाला जड जाईल.

कागदांबाबत कधीही ढिलाई करू नकोस. लिलाव आता सरकारी एमएसटीसीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात आणि माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा मिळतो. काही लॉट फक्त भंगार म्हणून विकतात, त्यांचं रस्त्यावरचं पासिंग होत नाही, म्हणून लॉटचं वर्णन शब्दशः वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली लष्कराच्या गाड्यांची नोंद वेगळी असते. लष्करातून निघाली की ताडदेवच्या आरटीओत ती नव्याने करावी लागते. त्यासाठी फॉर्म 21 मधलं विक्रीचं प्रमाणपत्र लागतं, लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं, मूळ प्रत. झेरॉक्सवर समाधान मानू नकोस. आणि त्यावरचा चेसिस नंबर स्वतः खाली वाकून वाचलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळव. इंजिन बदललेलं असेल तर तेही कागदावर आलंय का बघ. लष्करात बदलणं रीतीचं, पण आरटीओच्या कागदावर नंबर चुकला तर त्रास तुला.

रंग मात्र काढावा लागेल. ऑलिव्ह ग्रीन लष्कराशिवाय कोणालाही लावता येत नाही, केंद्रीय नियम 121 आहे. डावीकडे स्टिअरिंग असलेली जीप चालवायची तर वळण्याचा इशारा देणारं यंत्र चालू हवं, तेही तपासतात.

तू व्हिंटेज गाडीच्या व्हीए नंबरची हौस सांगत होतास. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ती सोय आहे, पण त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती रॅलीला, प्रदर्शनाला चालते, रोज दादरला भाजी आणायला नाही. म्हणून आधी ठरव, जपायला घेतोयस की चालवायला. माझं मत विचारशील तर चालवायला घे. चालवायची गाडी थोडी बेजोड असली तरी बिघडत नाही, आणि तिचे ऑइल सील, बेअरिंग नागदेवीला, बाकीचे भाग ऑपेरा हाउसच्या आसपास अजून शोधून मिळतात. सगळं मूळचं हवं असा हट्ट धरलास तर एकेका बोल्टासाठी वर्ष घालवशील.

आता असं कर. विकणाऱ्याकडून चेसिस नंबरचा, इंजिन नंबरचा आणि फॉर्म 21 चा फोटो आजच मागव, तिन्ही उजेडात काढलेले. फोटो द्यायला कां-कूं केली तर रविवारी जायचंच नाही. दिले तर मी परळहून येतो, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहेत, चुंबक तू घेऊन ये. आणि जुने कपडे घाल.