गच्चीवरचं सामायिक शेडनेट: घरटी किती पडतं?

सोसायटीच्या गच्चीवर मिळून भाजी पिकवायची ठरली की सांगाड्याचा आणि जाळीचा खर्च सगळे धरतात. रोज पाणी कोण घालणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे मात्र राहून जातं. सामायिक बागा बहुतेक तिथेच सुकतात.

२० बिऱ्हाडं आणि २० बाय १० फुटांचं शेडनेट धरून हिशेब मांडू. दर पुण्या-मुंबईकडचे, ढोबळ आहेत. तीन ठिकाणची कोटेशनं घ्याच.

पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, ५ ते १० हजार. तो वाचवू नका. वापरातल्या गच्चीचा भार साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरलेला असतो आणि फूटभर ओल्या मातीचा थर पाचशेच्या आसपास भरतो. म्हणून वाफे नकोत, पिशव्या घ्या. निम्मं कोकोपीट, बाकी कंपोस्ट आणि थोडी माती. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा. पिशव्या विटांवर ठेवा. खालचा स्लॅब कोरडा राहतो आणि गळती लगेच दिसते.

प्लॅस्टिकच्या पॉलिहाउसचा आग्रह धरू नका. एप्रिल-मेमध्ये ते आतून भट्टीसारखं तापतं, मग पंखे आणि फॉगर आले. पालेभाज्यांना ५० टक्के सावलीची यूव्ही जाळी पुरते, बाजूंना कीटकरोधक जाळी लावा. तरीही पांढरी माशी शिरतेच, आठवड्यातून एकदा पानं उलटून पाहावी लागतात. टोमॅटो-मिरचीला भरपूर ऊन लागतं, त्यांना जाळीबाहेर जागा द्या.

नटबोल्टचा जीआय सांगाडा २० ते २८ हजार, जाळ्या ३ ते ४, साठ पिशव्या ५ ते ६, मिश्रण ६ ते ८, टायमरसह ठिबक ४ ते ५ हजार. इंजिनिअर धरून एकूण ४५ ते ६० हजार, म्हणजे घरटी सव्वादोन ते तीन हजार. जाळी तीन-चार वर्षांनी बदलावी लागेल.

खरा खर्च महिन्याचा. आठवड्यातून दोनदा येणारा माळी तीन-चार हजार घेतो, बियाणं आणि निंबोळी अर्क पाचशे; घरटी पावणेदोनशे ते सव्वादोनशे रुपये. माळी नको असेल तर पाळ्या लावा, पण मे महिन्यात सगळे गावी गेल्यावर कोण, हे आधीच लिहून ठेवा. खताचे पैसे वाचवता येतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं होतं. लहान इमारतीलाही ते सहज जमतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली.

भाजीचं बिल यातून कमी होत नाही. साठ पिशव्यांतून घरटी महिन्याला दोन-तीन जुड्या पालक-मेथी मिळेल. मुलांनी बी पेरलेलं उगवताना बघणं आणि जिन्यात नुसतं हसणाऱ्या शेजाऱ्याशी रविवारी खुडणीत तासभर बोलणं, यासाठी हे पैसे आहेत, आणि मला ते योग्य वाटतात.

आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, पक्क्या छताचा विचार असेल तर महापालिकेची परवानगीही. वर्षाची वर्गणी आगाऊ गोळा करा. निम्म्या घरांनीही ती दिली नाही, तर सांगाड्याची ऑर्डर देऊ नका.