मालाच्या टेम्पोचे टायर : बदलायचे केव्हा?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, सूत घेताना आपण किलोमागे एक-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तयार कापड मात्र ज्या टेम्पोतून बाजारात जाते, त्याचे टायर पंक्चर झाल्याशिवाय पाहत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात मालेगावहून भिवंडीला कापडाच्या गाठी पाठवायच्या होत्या. ड्रायव्हर दोन आठवड्यांपासून सांगत होता, "चाचा, मागचा टायर पार गुळगुळीत झालाय." मी म्हणालो, "एवढी एक खेप होऊ दे." कसारा घाट येण्याआधीच टायर फुटला. स्टेपनीही तशीच घासलेली होती. दुसरा टेम्पो मागवला, भर पावसात गाठी उतरवून पुन्हा चढवल्या. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण काही गाठी भिजल्या, कापडावर डाग पडले आणि घेणाऱ्याने भाव कापला. नुकसानीची बेरीज केली तेव्हा कळले, तेवढ्यात चारही टायर नवे आले असते.

आधी हिशोब

उदाहरण म्हणून धरू की टायर ६,००० रुपयांचा आहे आणि तो ४०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला १५ पैसे पडले. आता तो ५,००० किलोमीटर आधी बदलला, तर तोटा किती? फक्त ७५० रुपये. हे ७५० वाचवण्यासाठी आपण पूर्ण माल, ड्रायव्हरचा जीव आणि गिऱ्हाइकाला दिलेली जबान पणाला लावतो. आपल्या टायरचा भाव आणि चाल घालून प्रत्येकाने हा हिशोब करून पाहावा.

टायर कधी संपला समजावे?

१) टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी घासून या पट्ट्यांच्या बरोबरीला आली, की खाच १.६ मिलीमीटर उरली असे समजावे. चारचाकी वाहनाला कायद्याने याखाली चालत नाही. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे असते. त्या उथळ झाल्या की ओल्या रस्त्यावर ब्रेक लावूनही गाडी घसरते. म्हणून ३ मिलीमीटरच्या आसपास आलेला टायर पावसाळ्याआधीच बदलावा.

२) बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. नक्षी नवी असली तरी असा टायर त्याच दिवशी काढावा. आतली तार किंवा कापड दिसू लागले तरीही तेच.

३) कमी चाललेला टायरही उन्हाने आणि वयाने कडक होतो, बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '३५२१' म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांवरचा टायर चांगला दिसला तरी वापरू नये.

झीज काय सांगते?

दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी किंवा माल जास्त. फक्त मधला भाग घासला असेल तर हवा जास्त. एकच कड घासली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. कारण दुरुस्त न करता नवा टायर घातला, तर तोही तसाच लवकर जाईल. हवा नेहमी टायर थंड असताना, गाडी निघण्याआधी तपासावी. कमी हवेत जास्त माल भरला की टायर तापतो, आणि फुटण्याचे मोठे कारण हेच असते.

खरेदी करताना

एका आसावर दोन्ही टायर सारखेच असावेत. रेडियल आणि साधा एकत्र घालू नयेत. मागे जोडचाके असतील तर जुना आणि नवा शेजारी ठेवू नये, कारण उंच टायरवर सगळा भार येतो. रिमोल्ड करायचाच असेल तर टायरचा सांगाडा शाबूत असतानाच करावा आणि तो पुढच्या चाकांना लावू नये. दुकानात तयार होण्याचा आठवडाही पाहून घ्यावा. बरीच वर्षे पडून राहिलेला टायर नव्या भावाने घेऊ नये.

शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा पंधरा मिनिटे काढा. ड्रायव्हरला सोबत घ्या आणि स्टेपनीसह पाचही टायर पाहा. जॅक आणि पाना गाडीत आहे का तेही बघा. आणि ड्रायव्हर टायरबद्दल काही सांगत असेल तर ऐका. रस्ता त्याला रोज दिसतो, आपल्याला फक्त बिल दिसते.