‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपचे मालक नव्या उद्योजकांना एक गोष्ट आवर्जून सांगतात: माणूस कामावरून कधीही तोंडी काढू नका.

त्यांच्याकडे सात वर्षं लेथवर असलेला एक कामगार सारख्या दांड्या मारायचा. ऐन डिस्पॅचच्या गडबडीत तो चार दिवस गायब राहून उगवला, तेव्हा मालकांनी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. पुढं प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. ‘तोच यायचा थांबला,’ असं मालकांच्या बाजूनं सांगण्यात आलं. मग कामावर हजर हो म्हणून त्याला एक तरी पत्र धाडलं होतं का? नव्हतं. नियुक्तिपत्र नव्हतं, पगार रोखीत आणि हजेरीच्या वहीवर सह्याही नाहीत. दांड्या खऱ्या होत्या, पण त्या दाखवायच्या कशावरून?

वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपातीत कमी करायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. गैरवर्तनासाठी काढायचं, तर वाट वेगळी. आधी आरोपपत्र, मग चौकशी, आणि त्यात कामगाराला आपली बाजू मांडायची पुरती संधी. २४० दिवस भरल्याचं दाखवण्याची जबाबदारी सुरुवातीला कामगाराची असते, हे खरं. पण मस्टर मालकाच्या कपाटात असतं आणि न्यायालय ते मागवू शकतं.

खरा फटका मागच्या पगाराचा. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली स्पष्ट केलं, की बेकायदा काढलेल्या माणसाला मागच्या पगारासह कामावर घेणं हाच सर्वसाधारण नियम. खटला रेंगाळला की हा आकडा मालकाच्याच डोक्यावर वाढत जातो. शिरोलीच्या मालकांनी अखेर तडजोड केली.

ग्रॅच्युइटीबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. काढून टाकलं की ती बुडते, असं अनेक मालक धरून चालतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला ती द्यावीच लागते, आणि नुसत्या दांड्यांसाठी ती जप्त करता येत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असतील, तर त्याला २६ नं भागून १५ नं गुणायचं: वर्षाला ७,५०० रुपये. सात वर्षांचे ५२,५०० झाले.

कामगार न सांगता गैरहजर राहिला, तर त्याच आठवड्यात त्याच्या पत्त्यावर मराठीत पत्र जायला हवं: अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर कारण कळवा. स्पीड पोस्टची पावती फाइलला लावावी. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र, मग आरोपपत्र. आणि चौकशीला तक्रार करणारा सुपरवायझर बसवू नये. निम्मी प्रकरणं तिथंच कच्ची राहतात, असं माझं मत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र आता सक्तीचं आहे. राजीनामा असो वा बडतर्फी, थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. म्हणून हजेरी, उचल आणि रजांचा हिशेब महिन्याच्या महिन्याला कामगाराची सही घेऊन पुरा केलेला असावा.